धोंडिबांना जपणारा फ्रीजर

मित्रांनो, मला कुणी जुना म्हटलं तर राग येत नाही. आहेच मी जुना. घोडबंदर रोडवरच्या एका संशोधन संस्थेत, तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात मी उभा असतो. तुमच्या घरातल्या फ्रीजचा मी थोरला भाऊ. पण माझ्या पोटात आइस्क्रीम ठेवाल तर त्याचा दगड होईल. शून्याच्या खाली ऐंशी अंश, एवढी माझी थंडी!

माझा जन्म परदेशातला. बंदरातून ट्रकवर बसून आलो आणि पहिल्याच दिवशी घोडबंदरच्या वाहतूक कोंडीत अडकलो. ठाणं म्हणजे काय ते मला तिथेच कळलं. लिफ्टमध्ये मावेना म्हणून हमालांनी मला जिन्याने चढवलं. वर पोचल्यावर घाम पुसत एकजण म्हणाला, "एवढं मोठं धूड! ह्यात काय मुडदे ठेवता काय?" सगळे हसले. वल्लरी तेवढी हसली नाही.

वल्लरी म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतली संशोधक. ठाण्यातच, टेंभी नाक्याजवळ वाढलेली, बोलायला फटकळ, कामाला वाघ. तिचं काम काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं दुःख तुम्हाला कळेल. आपलं फुप्फुस मऊ असतं. काही माणसांच्या फुप्फुसावर धुराने, धुळीने, कधी तर कारण न कळताच वण पडत जातात. फुप्फुस कडक होतं, जिना चढताना दम लागतो. त्यातल्या काहींना पुढे त्याच वणांच्या जागी कॅन्सर होतो आणि काहींना होत नाही. असं का? आपल्या पेशी एकमेकींना सतत निरोप देत असतात. वाढ, थांब, आता पुरे. हे निरोप कोणत्या वाटेने जातात आणि 'थांब' हा निरोप नेमका कुठे हरवतो, ते वल्लरी शोधत होती. ते सापडलं असतं तर वण असलेल्या माणसाला वेळेवर सावध करता आलं असतं.

त्यासाठी तिला जोड्या हव्या होत्या. एकाच माणसाच्या फुप्फुसाचे दोन तुकडे, एक नुसते वण होते तेव्हाचा आणि दुसरा कॅन्सर झाल्यावरचा. तुकडे तांदळाच्या दाण्याएवढेच, पण अशी जोडी मिळणं फार दुर्मिळ. ठाणे, कल्याण, डोंबिवली, कुठकुठल्या इस्पितळांत ती चकरा मारायची. वर्षानुवर्षं खपून तिने त्या जमवल्या आणि माझ्या हवाली केल्या. वापरली मात्र एकही नाही. निम्मे तुकडे आज आणि निम्मे वर्षाने तपासले, तर दिसलेला फरक रोगाचा की तपासणीचा, हे कसं कळणार? म्हणून सगळ्या जोड्या एकदम तपासायच्या, असं तिचं ठरलं होतं. तोवर मी त्या सांभाळायच्या. ते तुकडे देणारी बरीच माणसं आता या जगात नव्हती.

धोंडिबा त्यांपैकीच एक. डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला. दुसरा तुकडा द्यायची वेळ आली तेव्हा ते वल्लरीला म्हणाले होते, "ताई, मला काय आता उपयोग नाय, कळतंय मला. पण आमच्या खात्यातली सगळीच पोरं खोकतात. त्यांच्या कामी येऊ दे." ते गेले, आणि नंतर त्यांच्या पत्नी, गंगूमावशी, प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना फक्त जागा बघायची होती.

लेकीकडे ठाण्याला आल्या की त्या हमखास यायच्या. बाहेरच्या माणसाला आत यायची परवानगी नाही, म्हणून वल्लरी त्यांना उंबऱ्यापाशी उभं करायची. तिथून मी दिसतो.

"बरे हायेत ना आमचे हे?" मावशी विचारायच्या.

"बरे आहेत मावशी. थंडीत आहेत."

"उकाडा सोसायचाच नाय त्यांना. चिडचिड करायचे नुसते."

मग दोघीही हसायच्या. मला खरं सांगायचं तर त्या हसण्याचा फार अभिमान वाटायचा. माझ्या पोटात नुसते तुकडे नव्हते, कुणाचा तरी नवरा होता.

आता खंडेनवमीचं सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा होते. आमच्याकडेही होते. सूक्ष्मदर्शकं पुसतात, छोटी यंत्रं बंद करून त्यांना हार घालतात, कुंकू लावतात. आज तुम्ही आराम करा, असं म्हणतात. मला मात्र आराम कधीच नव्हता आणि तो मला नकोही होता.

यंदा वल्लरी फार आनंदात होती. सगळ्या जोड्या जमल्या होत्या आणि दसऱ्याची सुट्टी संपली की तपासणी सुरू होणार होती. "यंदा खरा मान याचा," ती म्हणाली आणि कमरेला ओढणी खोचून मला पुसायला लागली. माझ्या मागे जळमटं साठली होती. ओल्या फडक्याने ती काढताना शॉक नको, म्हणून तिने माझा प्लग क्षणभर काढला. मी लगेच बोंब ठोकली. वीज गेली की ओरडायचं, हेच मला शिकवलेलं आहे.

"गप रे, आरती होऊ दे!" असं लाडाने म्हणत तिने माझा आवाज बंद केला. तेवढ्यात कुणीतरी तिला नारळ फोडायला बोलावलं. ती गेली आणि दिव्यांची माळ घेऊन सलिल आला. सलिल तिचा विद्यार्थी, हौशी मुलगा. भिंतीत त्याला प्लगची एक मोकळी जागा दिसली, माझीच. त्याने माळेचा प्लग तिथे खोचला. माळ माझ्या डोक्यावर लखलखली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वल्लरी परत आली, वाकून मागे पाहिलं. प्लग लावलेला दिसला. निर्धास्त होऊन तिने मला कुंकू लावलं, माझ्या दारावर डोकं टेकवलं आणि आरतीला उभी राहिली.

मित्रांनो, मी तेव्हा आतून हळूहळू तापत होतो.

पूजा झाली, प्रसाद वाटला, बाकीचे दिवे मालवून सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशी दसरा, त्याला लागून रविवार. माझा आवाज काही वेळाने आपोआप परत आला आणि बॅटरी संपेपर्यंत मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पण कुलूप लावलेल्या मजल्यावर कोण ऐकणार? खाली लोक एकमेकांना आपट्याची पानं देऊन गळाभेट घेत होते. इकडे ऑक्टोबरचा उकाडा माझ्या पत्र्यातून आत शिरत होता. माळ मात्र झगमगत होती.

सोमवारी वल्लरीने माझं दार उघडलं. माझ्या पोटातून पाणी ओघळून तिच्या चपलांवर आलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माळेकडे, मग ती वायर हाताने चाचपत भिंतीपर्यंत गेली. ती ओरडली नाही. खालीच बसली, त्या पाण्यात. सलिल "मॅडम, मी लावली, मॅडम, मी..." एवढंच म्हणत राहिला. "काढला मीच ना?" ती म्हणाली. पेशींचे निरोप फार नाजूक असतात. तुकडे वितळले की ते पुसले जातात, आणि पुन्हा गोठवून ते परत येत नाहीत.

प्रत्येकाच्या घरी तिने स्वतः फोन केला. कुणी संतापलं. कुणाला तर तुकडा दिल्याचं आठवतही नव्हतं. गंगूमावशींना फोनवर सांगायचा धीर तिला झाला नाही, त्यांना बोलावून घेतलं. या खेपेला वल्लरीने त्यांना उंबऱ्यावर थांबवलं नाही. आत आणलं, स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. प्लग आपणच काढला, हेही.

मावशी माझ्याकडे बघत म्हणाल्या, "त्या खात्यातल्या पोरांच्या कामी नाय आलं म्हणजे."

"नाही आलं मावशी."

"आता काय करणार त्यांचं?"

"पिवळ्या पिशवीत घालून पाठवावं लागतं. तिकडे..." वल्लरीने ती पिशवी पुढे ओढली. "तिकडे जाळतात."

मावशींनी पदर नीट केला. "तेव्हा मला नेलं नव्हतं ताई. दीर म्हणाले, बायांनी मसणात यायचं नसतं. जिन्यातच अडवलं मला. आता येऊ?"

वल्लरीने हातमोज्यांचा डबा उघडला, एक जोड काढली आणि लहान मुलाला घालावेत तसे मावशींच्या हातांत चढवले. पिशवीचं एक टोक तिने धरलं, दुसरं मावशींनी. पिशवी काही जड नव्हती, तरी दोघी वाकून चालत होत्या. पुढचं मला सलिलच्या बोलण्यातून कळलं. कचऱ्याची गाडी फाटकापर्यंतच येते आणि तिथून पुढे कुणाला नेत नाही. मावशींना याही वेळी वाटेतच, फाटकापाशी थांबावं लागलं. गाडी वळणापार जाईपर्यंत त्या हात जोडून उभ्या होत्या, हातमोज्यांसकट.

मला काहीच झालेलं नव्हतं. प्लग लावला आणि मी पूर्वीसारखा थंड झालो. बिघडलो असतो तर बरं झालं असतं, निदान मला भंगारात तरी काढलं असतं. आता माझ्या रिकाम्या कप्प्यांत नवे तुकडे येऊ लागले आहेत, नुसत्या वणांचे. त्यांची जोडी व्हायची तर ते देणाऱ्यांपैकी कुणालातरी कॅन्सर व्हायला हवा. वल्लरी ते तुकडे ठेवते आणि दार लावताना मान फिरवते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी अशा प्रयोगशाळेत याल. माझ्यावर माया करा, पण मला हार घालू नका, कुंकू लावू नका, माझ्यापुढे डोकं टेकू नका. तुमच्यात आणि माझ्यात एकच वायर आहे. जाताना ती हाताने चाचपून बघा, पार भिंतीपर्यंत.