लाल लुगड्यावरचा आळ

मी एक जुने लाल लुगडे आहे, मित्रांनो. वसईजवळच्या गास गावातल्या एका घरात, पत्र्याच्या पेटीत, डांबरगोळ्यांच्या वासात पडून असते.

एके काळी काय थाट होता माझा! रोझमेरीने मला स्वतः निवडून आणले. वाडीत केळींना पाणी सोडताना मी, रविवारी चर्चमध्ये मिस्साला मी. "रोझमेरीबाय, काष्टा कसा चापून बसलाय गं!" शेजारची जॉयस म्हणायची आणि मी फुलून यायचे.

मग रोझमेरीच्या कमरेवर लालसर, खाजरे चट्टे उठले.

"लुगड्याची गाठ काचते तिथेच आलंय बघ," जॉयसने निकाल दिला. "रंग लागला ह्याचा. फेक ते!"

"आणि मिस्साला काय गाऊन घालून येऊ?"

"ये की! फादर खाली बघून प्रवचन देतात काय?"

दोघी खो खो हसल्या. मी नाही हसले.

मी पेटीत गेले. रोझमेरीची मुलगी ज्युली हिने नायट्याचे मलम आणले. चट्टे फिके पडत, पुन्हा उठत, मांडीवर पसरत. सगळे म्हणत, रंग अंगात मुरलाय, जाईल हळूहळू. अशी वर्षे गेली. मी अंगावर नाही, तरी चट्टे वाढतात कसे? पण लुगड्याला कोण विचारतो!

शेवटी ज्युलीच चिडली. "मम्मी, लुगडं सोडून किती वर्षं झाली! आता कुणावर ढकलणार?"

त्वचेच्या डॉक्टरांनी चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. घरी येऊन ज्युलीने सांगितले, ते मला पेटीत ऐकू आले. नायटा नाही, इसब नाही. त्वचेचा लिम्फोमा, एक दुर्मीळ कर्करोग. सुरुवातीला तो इसबासारखाच दिसतो, भलेभले फसतात. हळू वाढतो, उपचार आहेत. आता रोझमेरी अंगावर खास प्रकाश घ्यायला दवाखान्यात जाते.

मी निर्दोष सुटले. पण खरे सांगू? दोष माझाच असता तर किती बरे झाले असते! मला फेकले की ती बरी.

जॉयस हल्ली उंबऱ्यावरूनच विचारते, "बरी आहेस ना गं?" आणि उत्तराआधी परत फिरते. मग घर इतके शांत होते, की बाहेरही पेटीच वाटते.

मित्रांनो, एखादा चट्टा महिनोन्‌महिने हटत नसेल तर कपड्याला, साबणाला बोल लावत बसू नका. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आणि हा आजार शिवल्याने लागत नाही. आत या, तिच्या खाटेवर बसा, तिचा हात हातात घ्या. पेटीत मी राहीन. तिला नका ठेवू.