सखुबाईची हाक

"सहदेव, रक्तात डाय सोडलाय. कॅमेरा!"

डॉ. गार्गींनी सांगताच सहदेवनं मायक्रोस्कोपचं बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि मेंदूतली एकेक रक्तवाहिनी पांढरी उजळत गेली. रक्तवाहिनीवर आलेला, क्लिपनं बंद केलेला फुगा काळाच राहिला, म्हणजे काम फत्ते. पण शेजारची एक बारीक फांदीही काळी होती.

सतरा वर्षं हे मशीन चालवून सहदेवला फांद्या तोंडपाठ झाल्या होत्या. ही बोलण्याच्या भागाला रक्त नेणारी.

आणि टेबलावर होती वर्सोव्याची सखुबाई! अंधेरीचा मच्छीबाजार डोक्यावर घेणारी. सहदेव दिसला की ओरडायची, "ए कोकण्या! बांगडा घेऊन जा, नाय तर बायको घरात घेणार नाय!" लोक वळून बघायचे, हा ओशाळून पिशवी पुढे करायचा. चिडायचा मेला, पण दुसरीकडून कधी मासा घेतला नाही.

"क्लिप फांदी दाबतेय," म्हणत डॉक्टरांनी ती काढून नीट बसवली. आधीचा डाय ओसरेपर्यंत थांबून पुन्हा बघितलं. फांदी उजळली, पण उशिरा आणि फिकी.

"बोलेल ना ती?" सहदेवच्या तोंडून निघून गेलं. आजवर त्यानं असं कधी विचारलं नव्हतं.

"जीव वाचला. बोलणं मात्र कठीण दिसतंय."

बाहेर सखुबाईच्या मुलानं, हितेशनं, त्याचा हात धरला. "दादा, तुम्ही आत होता ना? आई बोलेल ना?"

अशा वेळी 'डॉक्टर सांगतील' म्हणून सटकायचं, हा नियम. सहदेव म्हणाला, "बोलेल रे! तिला गप्प कोण बसवणार?"

बोलला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

पुढे तीन महिने तो बाजार टाळून लांबच्या रस्त्यानं घरी गेला. "समुद्रातले बांगडे संपले काय?" बायकोनं एकदा सुनावलंच. तेव्हा नाइलाजानं गेला.

सखुबाईची सून निशा बारीक आवाजात गिऱ्हाईक बोलवत होती. सखुबाई शेजारी गप्प बसलेली, उजवा हात मांडीवर लुळा पडलेला. सहदेव मान खाली घालून पुढे निघाला.

ठक! ठक! ठक!

डाव्या हातातला कोयता ती फळीवर आपटत होती. अख्खा बाजार वळून बघायला लागला. सहदेव ओशाळला, पूर्वीसारखाच.

"तुम्हालाच बोलवतात," निशा म्हणाली.

त्यानं मुकाट्यानं पिशवी पुढे केली. सखुबाईनं एक बांगडा निवडला आणि त्याचा कल्ला उघडून ताज्या मासळीचा लालभडक रंग त्याला दाखवला.