नवी पेडलं, उजवा खांदा

दाताच्या डॉक्टरांचा एका गोष्टीवर गाढ विश्वास होता: जे चालत नाही ते काढावं आणि नवं बसवावं. या तत्त्वावर त्यांचा दवाखाना बरा चालला होता. संसारात मात्र काढून नवं बसवण्यासारखं काय आहे, हे सापडायला त्यांची पन्नाशी उलटावी लागली. ती निघाली सायकलची पेडलं.

डॉक्टर आणि त्यांची बायको, म्हणजे ग्रंथालयातल्या बाई, लग्नापासून सायकलनेच कामाला जात. वाट एकच. मध्ये पूल, पुलाचा चढ, आणि चढ संपतो तिथे सिग्नल. बाईंना सीट उंच लागे. खाली केली की गुडघे बोलतात, असं त्या म्हणत. त्यामुळे सिग्नलला त्यांचा पाय जमिनीला पोचत नसे. मग डॉक्टर डावा पाय फुटपाथच्या कडेवर टेकवत, आणि बाई त्यांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवून, दोन्ही पाय पेडलवर तसेच ठेवून, दिवा हिरवा होईपर्यंत आरामात बसून राहत. यावर दोघं कधी काही बोलले नव्हते. खिडकीतून उजेड येतो, त्यावर कोण बोलतं?

मग ग्रंथालयातल्या एका मैत्रिणीच्या नादाने बाई पहाटे सायकलवाल्यांच्या घोळक्यात जायला लागल्या. वर्षभरात त्यांच्या पोटऱ्यांना स्वतंत्र व्यक्तिमत्त्व आलं. आता चढ लागला की त्या "मी होते हं पुढे" म्हणत आणि हिरव्या दिव्यातून निघूनही जात. डॉक्टर धापा टाकत पोचत तेव्हा दिवा लाल. डावा पाय टेकवून ते उभे राहत, उजवा खांदा सवयीने किंचित खाली. भाड्याने द्यायच्या खोलीसारखा.

बाईंना कधी लाल दिवा लागलाच, तर त्या सिग्नलचा खांब धरत. डॉक्टरांनी ते एकदा लांबून पाहिलं. त्यांना आयुष्यात कुठल्याही खांबाचा इतका राग आला नव्हता.

सुट्टीच्या दिवशी मेहुणा आला. हा बाईंचा धाकटा भाऊ, सर्व विषयांतला जाणकार.

"दाजी, पेडलं बदला."

"पेडलांनी काय होतंय?"

"काय होतंय? बूट पेडलमध्ये अडकतो. पाय वर ओढतानाही जोर लागतो. आत्ता तुमची अर्धी ताकद वाया चाललीय."

"अर्धीच?" बाई आतून म्हणाल्या.

"तू वापरतोस का असली?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी स्कूटर वापरतो. पण वाचलंय सगळं."

पेडलं आली, खाली लोखंडी पट्टी असलेले बूटही आले. टाच बाहेर वळवली की बूट 'टक्' करून सुटतो. डॉक्टरांनी दुपारी, दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, डाव्या हाताने भिंत धरून सराव केला. गाल सुजलेला एक पेशंट बराच वेळ ते पाहत बसला आणि दुखायचं थांबलंय म्हणून घरी गेला.

नव्या पेडलांच्या पहिल्या सकाळी डॉक्टर चढावर खरंच जोरात गेले की जोरात गेल्यासारखं वाटलं, हे सांगणं कठीण आहे. बाईंच्या साखळीला त्या दिवशी तेल नव्हतं, हेही कारण असेल. पण चढ संपला तेव्हा दोघं शेजारी-शेजारी होते आणि समोर दिवा लाल होता.

बाईंनी न बघताच हात पुढे केला आणि तो उजव्या खांद्यावर येऊन बसला. तेच वजन. डॉक्टरांनी खांदा आणखी जरासा खाली केला.

मग त्यांनी पाय टेकवायला घेतला. उजवा 'टक्' करून सुटला. डावा सुटेना. सरावात डावीकडे भिंत होती. डावा पाय सोडवायची वेळच कधी आली नव्हती. आणि बाईंचा सगळा भार डावीकडेच लोटत होता. दोघं कपाट कलंडावं तसे, सावकाश, पुरेसा विचार करून आडवे झाले.

"अहो, पाय!"

"अडकलाय."

"कशात?"

"पेडलमध्ये."

"मग बसवलीत कशाला असली पेडलं?"

डॉक्टरांना उत्तर ठाऊक होतं. पण जन्म दुसऱ्यांची तोंडं उघडण्यात गेलेला. स्वतःचं ऐन वेळी उघडलं नाही.

"वेग वाढतो म्हणे," ते म्हणाले.

बाईंचं कोपर खरचटलं होतं. संध्याकाळी डॉक्टरांनी मुकाट्याने जुनी पेडलं पुन्हा बसवली. बाईही पाना घेऊन आपल्या सायकलशी काहीतरी खुडबुड करत होत्या. साखळीचं काम असेल, असं डॉक्टरांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी चढावर बाई नेहमीसारख्या पुढे गेल्या. डॉक्टरांनी चढावरून वर पाहिलं तर दिवा हिरवा, आणि तरीही बाई फुटपाथच्या कडेला थांबलेल्या. त्यांच्यासाठी. डॉक्टरांनी उरलेला चढ श्वास न घेता संपवला.

जवळ गेल्यावर दिसलं. बाईंचा एक पाय जमिनीवर चांगला ठाम टेकलेला होता. सीट चार बोटं खाली आली होती.

"किती सोपं होतं हो," बाई म्हणाल्या. "उगाच इतकी वर्षं तुमच्या खांद्याला त्रास."

"त्रास कसला त्यात... आणि गुडघे?"

"बोलतात थोडे. बोलू देत. रोज थांबत जाईन मी इथे, जीव काढत येऊ नका."

तेवढ्यात दिवा लाल झाला. दोघं शेजारी-शेजारी उभे राहिले, आपापल्या पायावर. बाईंचे दोन्ही हात हँडलवर होते.

डॉक्टरांनी पिशवीचा पट्टा उजव्या खांद्यावरून काढून डाव्यावर घेतला. जागा मोकळी असलेली बरी.