आत्याच्या पायावरचा आळ

मित्रांनो, मी एक जुनी क्लचप्लेट आहे. जळून काळी पडलेली, झिजलेली, आता कुणाच्याही कामाची नसलेली. तरी माझी कीव करू नका. करायचीच तर मला रोज पुसणाऱ्या बाईची करा, कारण तिला अजून खरं काय ते कळलेलं नाही, आणि मला तोंड नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाची गोल चकती, मध्ये स्प्रिंगा, दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर. तपासनिसाने मला उजेडात धरून फिरवलं आणि म्हणाला, "चांगली आहे." आयुष्यात मिळालेली तेवढीच शाबासकी. मग मला एका लाल, दोन दारांच्या, पळण्यासाठीच बनवलेल्या गाडीच्या पोटात बसवलं.

माझी जागा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध. एका बाजूला इंजिनाचं जड चाक गरगरत असतं, त्याला फ्लायव्हील म्हणतात. दुसऱ्या बाजूने प्रेशर प्लेट मला त्याच्यावर दाबून धरते. मी घट्ट दाबलेली असले की इंजिनाची ताकद माझ्यातून चाकांकडे जाते. चालवणाऱ्याने क्लच दाबला की मी सुटते आणि घटकाभर श्वास घेते. पण अर्धवट पाय ठेवून कुणी मला घासत राहिलं, की माझी कातडी सोलून निघते. हे तुम्ही ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

गाडी एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती. लग्न केलं नव्हतं, दवाखाना बंद केला आणि स्वतःच्या हौसेसाठी गाडी घेतली. वहिनीने नाक मुरडलं. "या वयात असली गाडी? लोक हसतील हो."

"हसू देत," बाई म्हणाली, "दात तरी बघायला मिळतील मला."

तिचा भाचा तिला आत्या म्हणायचा, म्हणून मीही आत्याच म्हणते. आत्याचा पाय काय सांगू! दाढ उपटताना समोरच्याला कळू नये, असा तिचा हात होता म्हणे. पायही तसाच. दर रविवारी सकाळी ती घाटातून वरच्या तलावावर जायची, गाडी काठाला लावून थर्मासमधली कॉफी प्यायची आणि परत यायची. मला त्या चढाचा कधी चटका बसला नाही.

पुढे तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती पुन्हा गाडी चालवू लागली, तेव्हा घरच्यांनी तिच्यामागे टुमणं लावलं, आता पुरे कर म्हणून. एके दिवशी जेवताना ती सगळ्यांना म्हणाली, "ज्या दिवशी गाडीच मला सांगेल की बाई, आता बस, त्या दिवशी मी स्वतः किल्ली देईन. तोवर कुणी तोंड उघडायचं नाही." किल्ली दिली तर भाच्यालाच मिळणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. भाच्याने आणखी एक पोळी वाढून घेतली.

याच भाच्याला तिने याच गाडीवर चालवायला शिकवलं होतं. "क्लचवर पाय विसावायचा नाही. ती पायपुसणी नाही," असं तिने त्याला शंभरदा बजावलं असेल. तो "हो आत्या, हो आत्या" करायचा. मग "गाडी धुऊन आणतो" म्हणून न्यायचा आणि सिग्नलला उभा राहून इंजिन किंचाळेपर्यंत फिरवायचा. दिवा हिरवा झाला की क्लच एकदम सोडून द्यायचा. टायर धूर ओकायचे, शेजारी बसलेला मित्र टाळ्या पिटायचा. आत मी जळत असायचे. नंतर तो गाडी खरोखरच धुवायचा, चकचकीत करून आत्याच्या दारात लावायचा, आणि आत्या त्याला म्हणायची, "गुणाचा रे माझा."

अखेर एका रविवारी घाटात मी घसरले. आत्याने चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं, त्याच्या फेऱ्यांचा काटा झरझर वर गेला आणि गाडी मात्र रांगतच राहिली. तिने लगेच ओळखलं. गाडी हळूहळू खाली आणली आणि भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "माझ्या ओळखीचा मिस्त्री आहे." ओळखीचा असणारच. भाच्याच्या सगळ्या मित्रांच्या गाड्या त्याच गॅरेजमध्ये जायच्या.

मिस्त्रीने हँडब्रेक ओढला, गाडी चौथ्यात टाकली आणि क्लच सोडला. मी धड असते तर इंजिन गचका खाऊन बंद पडलं असतं. ते आरामात चालत राहिलं. "प्लेट गेली," मिस्त्री म्हणाला. गाडी वर चढवली, गिअरबॉक्स उतरवला आणि मला बाहेर काढलं. मग त्याने फ्लायव्हीलवर टॉर्च मारला. तिथे निळे डाग पडले होते.

आत्या बाहेर बाकावर बसली होती. मिस्त्री हळूच भाच्याला म्हणाला, "दादा, हे ताईंच्या पायाचं काम नाही. उभ्या गाडीत इंजिन पिळून क्लच सोडला की असे डाग पडतात."

"तुम्हाला कुणी विचारलंय?" भाचा म्हणाला. "डाग घासून टाका. आणि नवीन क्लच बसवाल तो रेसिंगचा बसवा. जड."

"ताईंना झेपायचा नाही हो. त्यांचा गुडघा..."

"झेपायला कशाला हवाय?" असं म्हणून तो हसला. मिस्त्रीही थोडंसं हसला, आणि त्या हसण्याबद्दल मी त्याला कधी माफ करणार नाही.

आत्या आत आली. मला हातात घेऊन तिने बोट फिरवलं, बोट काळं झालं. "मिस्त्री, खरं सांगा. माझ्या पायामुळे गेली का?"

मिस्त्री हातातल्या बोळ्याने पाना पुसत राहिला. "वय झालं की पाय थोडा रेंगाळतोच, ताई."

फ्लायव्हील लेथवर घासून कोरं झालं. नवा क्लच बसला. जुना भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा, ही गॅरेजची रीत. नव्याच्या खोक्यात मला घालून मिस्त्रीने ते आत्याला दिलं. ती चालवायला बसली, खोकं शेजारच्या सीटवर ठेवलं. क्लच दाबला, तो अर्ध्यावर अडला. मग दोन्ही हात गुडघ्यावर टेकवून तिने सगळा भार घातला. क्लच कसाबसा खाली गेला, गिअर पडला, पण पाय धरून ठेवू शकला नाही. गाडी उसळली आणि बंद पडली.

भाच्याने अदबीने दार उघडलं. "राहू दे, आत्या. गाडीच सांगतेय बघ."

आत्याने किल्ली दिली. ती पलीकडच्या सीटवर जाऊन बसली आणि खोकं मांडीवर घेतलं.

आता मी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असते. ती मला मऊ फडक्याने पुसते आणि म्हणते, "माझ्या पायाने तुझी राख केली गं." यापेक्षा भंगारात वितळले असते तर बरं झालं असतं. ती आता तलावावर जात नाही. रविवारी कॉफी करते, ती पुष्कळदा तशीच गार होते.

परवा भाचा मित्राला घेऊन फाटकाशी आला. गाडी चढावर क्लचवरच तोलून धरली होती, इंजिन विव्हळत होतं आणि जळका वास खिडकीपर्यंत येत होता. आत्याने न राहवून हाक मारली, "अरे, हँडब्रेक लाव! जळतेय ती!"

"तू नको आता क्लच शिकवू, आत्या," तो खालून ओरडला. "तुझी जळालेली ठेवलीयस ना खिडकीत? ती बघ." मित्र खो खो हसला.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "खरंच आहे त्याचं," ती पुटपुटली आणि तिने खिडकी लावून घेतली.

मित्रांनो, क्लचवर पाय विसावू नका, गाडी जपा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस "माझंच चुकलं असेल" म्हणालं, तर माना डोलावू नका. आधी गाडी कोण कोण नेत होतं ते विचारा. आणि कधी एखाद्या खिडकीत काळी गोल चकती दिसली, तर तेवढं दार वाजवा. आतल्या बाईंना सांगा, तुमचा पाय चांगला होता.