नाल्यापलीकडची गल्ली

टेकडी आणि नाला यांच्यामध्ये एक गल्ली.

एक म्हातारी थोरल्या मुलाच्या दारावरची घंटा दाबते. घंटा वाजते. दार उघडत नाही.

आगीचा बंब पुलापर्यंत येतो आणि थांबतो. पुलापलीकडे शहर नाही.

‘तुमचं मला काय?’

सोमवारी विधेयक सभागृहात मांडलं जाईल.

नागरिकहो, हे तुकडे एकाच घरातले आहेत. जोडून दाखवतो.

त्या म्हातारीची धाकटी सून नगररचना खात्यात नकाशे काढायची. कचेरीत सगळे तिला रेघबाई म्हणत. शहराची हद्द वर्षानुवर्षं होती तिथेच होती. घरं मात्र नाला ओलांडून केव्हाच पलीकडे गेली होती. हद्द वाढवायची तर राज्याच्या सभागृहात कायदा व्हावा लागतो. त्या विधेयकाला जोडायचा नकाशा आणि हद्दीचं शब्दांतलं वर्णन, दोन्ही रेघबाईच्या टेबलावर आलं. पलीकडची गल्ली शहरात घ्यायची हे ठरलेलं होतं. नळ, बंब, रुग्णवाहिका, सगळं त्यावरच अडलं होतं.

आणि त्याच गल्लीत तिचे थोरले दीर राहत होते. तिचा नवरा गेला आणि महिना उलटायच्या आत ज्यांनी तिला नि स्वतःच्या आईला घराबाहेर काढलं, तेच.

रेघबाईने नकाशा चोख काढला. तो भिंतीवर लागतो. येणारेजाणारे बोट फिरवून आपलं घर शोधतात आणि खूश होऊन जातात. पण नकाशा आणि मजकूर यांत फरक पडला, तर कायदा मजकुराचं ऐकतो. मजकुरात जिथे ‘टेकडीच्या पायथ्याने’ होतं, तिथे तिने ‘नाल्याच्या काठाने’ लिहिलं. गल्ली बाहेर! आणि तिला कडकडून भूक लागली.

संध्याकाळी भाजी निवडत बसलेल्या सासूबाईंना तिने सगळं सांगून टाकलं.

“आई, थोरल्यांना शहराबाहेर काढलं मी. तेही कायद्याने!”

सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “बरी जिरली मेल्याची! धावू दे टँकरमागे बादली घेऊन.”

मग त्यांच्या हातातली जुडी तशीच राहिली.

“पण तो कशाला धावेल गं? त्याच्या गच्चीवर टाकी, दारात गाडी. धावतील ते समोरचे.”

“समोरच्यांचं मला काय?”

“हे कोण बोललं?” सासूबाईंनी वर पाहिलं. “त्याचेच शब्द आहेत की हे. त्याने आपल्याला ऐकवलेले.”

रेघबाई उसळली. “म्हणजे सोडून द्यायचं? तुमचा मुलगा म्हणून?”

“सोडतंय कोण? मुलगा आहे म्हणून तर मी जास्त डूख धरलाय! पण एका ढेकणासाठी कोणी घर जाळतं का? त्या घरात माझा वाटा आहे, तुझा आहे. वकील गाठू. त्याच्या दारात उभ्या राहू, नाव घेऊन भांडू. तू नाव न घेता मारलंस आणि लागलं भलत्यालाच. याला सूड म्हणतेस? अगं, नेमच चुकला तुझा!”

रेघबाई जेवायला बसली, पण घास उतरेना.

दुसऱ्या दिवशी मसुदा छापखान्याकडे निघाला होता. ती साहेबांच्या खोलीत जवळजवळ धावतच शिरली.

“साहेब, थांबवा! हद्दीचं वर्णन चुकलंय!”

साहेबांनी मजकूर वाचला, मग नकाशा पाहिला, मग तिच्याकडे.

“चुकलंय, की चुकवलंय?”

“चुकवलंय.”

साहेबांनी स्वतःच्या हाताने दुरुस्ती केली. “लेखी खुलासा द्या. आणि आजपासून हद्दीचं काम तुमच्याकडे नाही.”

तिने मान खाली घातली, पण खुलासा खरा लिहिला.

विधेयक मंजूर झालं. गल्ली शहरात आली. त्यानंतर एका सकाळी सासू-सून पूल ओलांडून गेल्या. या वेळी दार उघडलं.

“या, या!” दीर हसले. “घेतलंस ना आम्हाला शहरात? शेवटी घरचं माणूस ते घरचंच!”

“तुम्हाला कोण घेतंय? गल्लीला घेतलं. तुम्ही मधे सापडलात.”

सासूबाईंनी वकिलाची नोटीस मुलाच्या हातात ठेवली. “हे मात्र खास तुझ्यासाठी हो!”

त्याचं हसू मावळताना पाहून दोघींना काय वाटलं, ते सांगायला लाज कसली? बरं वाटलं. फार बरं वाटलं!

नागरिकहो, राग गिळून टाका असं मी म्हणत नाही. वैर असेल तर ते आपल्या नावाने, ज्याच्याशी आहे त्याच्या दारात जाऊन लढा. सगळ्यांच्या कायद्यात ते लपवलंत, तर शत्रू सहीसलामत सुटतो आणि शेजार मरतो.

घराबाहेर काढल्यावर दोघींनी पहिले काही महिने काढले, ते त्याच गल्लीतल्या, दीरांच्या समोरच्या इस्त्रीवालीच्या खोलीत.