मागाशेजारी रुजलेली वेल

माझा तणावा, म्हणजे वेलीचा चढायचा हात, सुतासारखा बारीक असतो. आधार सापडेपर्यंत तो सरळ राहतो आणि त्याचे टोक हवेत सावकाश गोल फिरत असते. टोक काडीला टेकले की तिच्याभोवती वेढे घेते. मग मधला भाग वळू लागतो, अर्धा एका दिशेने आणि अर्धा उलट दिशेने. या उलटसुलट वळणांमुळे वाऱ्यात तणावा ताणला जातो, पण तुटत नाही.

मित्रांनो, मी पॅशनफ्रूटची वेल आहे. कृष्णकमळाच्या कुळातली, पण खायचे फळ देणारी. वेलींच्या हिशेबाने मी आता म्हातारी झाले. नागपुरात विणकरांच्या वस्तीत भागीरथाबाईंच्या अंगणात माझे आयुष्य गेले.

१९५२ च्या पावसाळ्यात त्यांच्या मुलीला, पुष्पलताला, शाळेतल्या बाईंनी दक्षिणेतून आणलेले एक फळ दिले. आत आंबटगोड गर होता आणि गरात काळ्या बिया. गर चिकटून राहिला तर बी रुजायला फार वेळ घेते, म्हणून बाईंनी सांगितल्याप्रमाणे पुष्पलताने बिया फडक्यात चोळून धुतल्या, सावलीत सुकवल्या आणि एका फुटक्या मडक्यात पेरल्या. बरेच दिवस काहीच उगवेना. पुष्पलताची आजी सखूबाई म्हणाल्या, त्यात मिरची लावा, निदान ठेचा तरी होईल. भागीरथाबाई मात्र रोज बोटाने माती दाबून पाहत. ओल असली तर पाणी घालत नसत, म्हणून आम्ही कुजलो नाही. अखेर दोन रोपे वर आली, मी आणि माझी बहीण.

त्याच हिवाळ्यात भागीरथाबाईंचे पती ईश्वरदास तापाने वारले. घरातला माग थांबला. त्यावरचे लुगडे अर्धेच राहिले. त्या घरात बायका धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत, तुटलेले धागे सांधत, सुताला खळ लावत, पण मागावर बसणे हे पुरुषाचे काम मानले जाई. धाकटे दीर श्रावण उमरेडला विणत. अधूनमधून ते मोटारीने येत आणि म्हणत, माग पडून राहिला तर वाळवी खाईल, मी तो उमरेडला नेतो आणि तुम्हाला धान्य पाठवत जाईन. त्यांचे मन चांगले होते. पण माग गेला की या घराला आपले म्हणावे असे काम उरणार नव्हते. भागीरथाबाई दर वेळी "बघू" एवढेच म्हणत.

आम्हा दोघींना मागाच्या खिडकीबाहेर लावले होते. वर बांबूचा मांडव होता. भागीरथाबाईंचा हात कापडात मुरलेला. काठाला सुटा धागा दिसला की तो कातरीने छाटायचा, ही जन्माची सवय. माझे तणावेही त्यांना सुटे धागेच वाटले. एका दुपारी त्यांनी ते सगळे एकसारखे छाटून टाकले. दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि मी मांडवावरून खाली आले.

"वेलीचं लुगडं करून राहिली काय वं?" सखूबाई हसून म्हणाल्या.

 भागीरथाबाईंनी मऊ सुताने मला पुन्हा बांधले. गाठ अशी की सुटतही नव्हती आणि काचतही नव्हती. मग नवा तणावा काडी कशी धरतो, हे त्या रोज येता-जाता थांबून पाहू लागल्या. मित्रांनो, वेलीची निगा राखायची असेल तर आधी तिच्याकडे असे पाहा. कातर नंतर घ्या.

पुढच्या वर्षी आम्ही फुललो. आमचे फूल दुपारी उमलते आणि रात्र पडेपर्यंत मिटते. फुले पुष्कळ आली, पण सगळी गळाली. पुष्पलताने शाळेत विचारले, तेव्हा कारण कळले. माझा पराग माझ्याच फुलांना चालत नाही, बहिणीचा लागतो. तो आणायला मोठा भुंगा हवा, आणि आमच्या गल्लीत भुंगे फिरकत नव्हते.

भागीरथाबाईंनी सुताच्या टोकांचा एक लहान कुंचला बांधला. रोज दुपारी त्या बहिणीचा पराग मला आणि माझा बहिणीला लावू लागल्या. फुलाच्या मधोमध तीन नाजूक टोके असतात. त्या तिन्हींना हलकेच स्पर्श करत. केसासारखे धागे सांधलेली ती बोटे. त्यांच्या हातून एकही टोक कधी मोडले नाही. मी पुष्कळ वारा आणि पुष्कळ ऊन पाहिले, पण इतका नेमका स्पर्श दुसरा पाहिला नाही.

फळे धरली. पिकून पिवळी झाली आणि आपणहून खाली पडू लागली. त्याच सुमारास श्रावण बैलगाडी घेऊन माग न्यायलाच आले. सखूबाईंनी त्यांना गरात साखर घालून दिली. त्यांनी वाटी चाटूनपुसून खाल्ली, मग फळे कशी धरली ते ऐकले.

"म्हणजे भुंग्याले सुटी देऊन तुम्हीच त्याचं काम करून राहिल्या, वहिनी?" ते म्हणाले. सगळे हसले. मग त्यांनी दाराकडे पाहिले. "गाडी उभी आहे. आता काहून थांबायचं?"

भागीरथाबाईंनी हातातली साल खाली ठेवली आणि पदराला हात पुसले. खिडकीतून मला माग दिसत होता आणि त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या त्याही दिसत होत्या.

"भुंगा नव्हता, म्हणून त्याचं काम मी शिकले, भाऊजी," त्या म्हणाल्या. "गाडी रिकामी न्या. माग उमरेडले जाणार नाही. त्याच्यावर आता मी बसीन."