मुंबईत अजून दिवस होता

कापसाला सोन्याचा भाव आला त्या सालची ही गोष्ट. सातासमुद्रापलीकडे गोऱ्या लोकांचं आपसात युद्ध लागलं आणि इकडे वऱ्हाडात आमच्या घरांत रुपये आले. या दोन गोष्टींचा संबंध काय, हे मला कापसाचा व्यापारी अब्दुल सत्तार यानं तीनदा समजावून सांगितलं. अजून नीट समजलेलं नाही.

पैसा आला की माणसाला गरजा सुचतात. आमच्या गावात एकानं गाडीच्या चाकांना चांदीच्या पट्ट्या मारल्या. चांदी मऊ. पहिल्याच खडकाळ उतारावर त्या वाकल्या आणि बैलांनी गाडी तिथंच सोडून द्यावी असा आवाज येऊ लागला. विलायती धोतर मीही घेतलं. अंगाला छान लागतं, पण दोन वर्षांत विरलं. आगपेटी मात्र मला पटली. तरी ती माझ्या घरी आली पार्वता गेल्यावर. माझी बायको असेपर्यंत रोज सकाळी गोवरी घेऊन वहिनीकडे विस्तव आणायला जायची, आणि विस्तवाला लागतो त्याच्या चौपट वेळानं परत यायची. गावातली सगळी खबर त्या विस्तवाबरोबर घरात यायची. आता काडी ओढली की चूल पेटते आणि खबर काहीच नसते.

पार्वता दसऱ्याच्या आधी गेली. आजारात तिनं माझ्याकडून एकच शब्द घेतला. आमचं लग्न गोरज मुहूर्तावर लागलं होतं, सूर्य बुडताना, गाई घरी येतात त्या वेळेला. आमच्या मुलीचं, सुभद्राचंही, तसंच लागावं. बाकी तिनं काही मागितलं नाही.

सुभद्राचं अकोल्याकडच्या उत्तमरावांच्या मुलाशी जमलं. व्याही दिलदार माणूस, आवाज मोठा. लग्नाच्या आठवडाभर आधी ते कापूस विकायला मुंबईला गेले आणि खिशातलं घड्याळ घेऊन आले. वैशाखात वऱ्हाडाच्या गाड्या अमरावतीजवळच्या आमच्या गावात उतरल्या, तेव्हा बैल सुटायच्या आधी ते घड्याळ बाहेर निघालं. प्रत्येकानं ते कानाला लावून पाहिलं. मीही लावलं. आत सुतारपक्षी कोंडल्यासारखं वाटलं.

लग्नाच्या दिवशी सगळं घड्याळावर चाललं. आंघोळीला पाणी आठला, पंगत बाराला. दहालाच भूक लागलेले दोघेजण चोरून लाडू खाताना सापडले, तर उत्तमराव त्यांना घड्याळ दाखवून रागावले. लग्न साडेसहाला लागेल असं त्यांनी अकोल्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मुंबईच्या दलालाकडून पक्कं विचारून आले होते, की सध्या सूर्य साडेसहाला बुडतो. आमचे जोशीबुवा म्हणाले, बुडेल तेव्हा बुडेल. दोघांचंही म्हणणं एकच आहे असं मला वाटलं.

संध्याकाळ झाली. बायको गेलेला बाप कन्यादानाला बसत नाही, म्हणून थोरले भाऊ खुशालराव आणि गोदावहिनी बसले. मी बाजूला उभा होतो. मधे अंतरपाट धरला. सूर्य शेताच्या कडेला टेकला. जोशीबुवांनी घसा साफ केला आणि उत्तमरावांनी हात वर केला.

ते म्हणाले, "थांबा. आत्ता सहा वाजून दहाच मिनिटं झाले. अजून घटकाभर हाये."

जोशीबुवांनी पश्चिमेकडे बोट दाखवलं. उत्तमरावांनी घड्याळ दाखवलं. मांडवातले सगळे एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत राहिले. तेवढ्यात सूर्य बुडाला.

"दिवस घाई करून राहिला आज," उत्तमराव म्हणाले. वरपक्ष म्हणून कोणी हसलं नाही.

जोशीबुवांनी सांगितलं, की गोरज फार वेळ थांबत नाही. धूळ खाली बसली की संपली. मग उद्या दुपारचा मुहूर्त धरावा लागेल. उत्तमरावांचं म्हणणं, साऱ्या अकोल्याला साडेसहा सांगितलं, आता आधी लावलं तर लोक म्हणतील की घड्याळ खोटं आणि उत्तमराव त्याहून खोटा. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले. सुभद्रा मान खाली घालून उभी होती. तिनं वर पाहिलं ते माझ्याकडे.

मी व्याह्यांजवळ गेलो. म्हटलं, "इवाई, मी हिच्या मायले शब्द देल्ला हाये. गोरजावर लगन लावीन म्हून."

त्यांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाले, "मले समजते, जानराव. पण मंग माह्या शब्दाचं काय?"

तेव्हा अब्दुल सत्तार पुढे आला. त्यानं घड्याळ हातात घेतलं, वेळ पाहिली आणि हसायला लागला. त्याच्याकडेही असंच एक होतं. मुंबईत घेतलं, घरी आला, आणि रमजानचा पहिला रोजा घड्याळ पाहून सोडायला बसला. घड्याळ म्हणे अजून वेळ आहे. हा हातात खजूर धरून बसून राहिला, आणि त्याचा भाऊ उस्मान अजान ऐकून सरबताचे दोन पेले पिऊन मोकळा झाला. दिवसभराचा उपाशी माणूस, त्यात पुढं बसून उस्माननं ढेकर दिला. मग यानं चौकशी केली.

"उत्तमरावजी, तुमची घडी खोटी नाही," सत्तार म्हणाला. "ते अजून मुंबईतच हाये. सूरज आपल्याकडे आधी निगते आन् आधी बुडते. मुंबईले मागून पोचते."

उत्तमराव तांबड्या झालेल्या आकाशाकडे पाहू लागले. "म्हंजे मुंबईत अजून दिवस हाये?"

"हाये."

"आन् आपला बुडाला?"

"बुडाला."

उत्तमरावांनी जरा विचार केला. मग त्यांची छाती हळूहळू फुगली. "म्हंजे मुंबई आपल्या मांगं हाये," ते म्हणाले. "आन् ते लोक मले चार दिवस शिकवून राहिले होते!"

त्यांनी घड्याळ खिशात टाकलं आणि वाजंत्र्यांना हात केला.

गाई वेशीतून आत आल्या तेव्हा मंगलाष्टकं चालू होती. धूळ सगळ्या मांडवावर आली, लोकांच्या नव्या विलायती उपरण्यांवर बसली, वहिनी खोकल्या. अंतरपाट खाली गेला आणि अक्षता पडल्या. कन्यादान भावानं केलं, पण पाणी सोडताना त्यानं मला जवळ ओढून उभं केलं. जोशीबुवांनी पाहिलं आणि मंत्र पुढे चालू ठेवला.

मग पंगती बसल्या. उत्तमराव वरण वाढणाऱ्याच्या मागोमाग फिरून प्रत्येक पानाला सांगत होते, की मुंबई मागं आहे. आमच्या बाजूच्या म्हाताऱ्यांना हे फार आवडलं. एकानं विचारलं, किती कोस मागं? त्यावर बराच वेळ वाद झाला.

मी पानावर बसलो होतो. उत्तमराव धावत माझ्याकडे आले आणि घड्याळ माझ्या नाकाजवळ धरलं.

"पाहा जानराव, साडेसहा होऊन गेले. आता बुडाला मुंबईचा दिवस."

"बुडू द्या," मी म्हटलं. "आपलं लगन लागलं. बसा, जेवून घ्या."

ते माझ्या शेजारी बसले. वहिनींनी न विचारता माझ्या पानात दुसरा लाडू टाकला. तो मी खाल्ला.